शेवंतीचं पाळणाघर आणि गंगारामची कर्जफेरी

एका गावात एक भोळा नवरा होता. नाव गंगाराम. त्याचं सुदैव असं की बायको हुशार होती. तिचं दुर्दैव असं की नवरा आज्ञाधारक होता.

बायको शेवंती पाळणाघर चालवायची. काजूच्या कारखान्यातल्या बायका सकाळी पोरं तिच्या पडवीत सोडून कामाला जायच्या. पोरं झाली अकरा, पडवी तेवढीच. बायका म्हणाल्या, "शेवंती, महिन्याभरात खोली नि मोरी बांधली नाहीस, तर पोरं दुसरीकडे ठेवू गं." शेवंतीची झोपच उडाली. तेवढ्यात कळलं की छोट्या पाळणाघरांना बँक कर्ज देते. गहाण काही ठेवायचं नाही, हमी सरकार देतं.

पोरं टाकून तिला जाता येईना. तिने गंगारामला पाठवलं. "अहो, साहेबांनी विचारलं तर सांगा, हमी सरकारची."

बँकेचे पडवळकर साहेब म्हणाले, "नाव?"

"हमी सरकारची."

"गाव कुठलं?"

"हमी सरकारची."

"बरं, चहा घेणार का?"

"हमी सरकारची."

साहेबांनी चहा परत पाठवला. पाळणाघर चालतं याचा पुरावा आणा, अशी चिठ्ठी लिहून त्याच्या खिशात घातली.

गंगारामने घरी येऊन सगळं सांगितलं आणि सगळ्यांत आधी तोच हसला. "माझ्या डोक्यात काजूची टरफलं भरलीत गं, दुसरं काय!"

शेवंती म्हणाली, "आता तोंडाने काही सांगू नका. पोरं आहेत ना, ती दाखवा म्हणजे झालं." तिच्या मनात हजेरीची वही होती. ती वही आणायला आत गेली, तोवर गंगारामने शेजाऱ्याच्या टेम्पोत अकरा पोरं भरली.

बँकेत एकाने शिक्क्याची शाई गालाला फासली. एकीने रोखपालाची खुर्ची ओली केली. नऊ जणांनी भोकाड पसरलं. साहेब ओरडले, "अहो, इतकं खरं नको! फोटो आणला असता तरी चाललं असतं. आता उद्या अर्जदार बाईंना घेऊन या, सही लागेल."

गंगारामने हे मनात पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी त्याने भिंतीवरून लग्नाचा फोटो उतरवला, काचेसकट नेला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?"

"बाई आणल्यात."

"फोटो सही करतो का हो? इथे जिवंत माणूस लागतं!"

"टरफलं, साहेब, निव्वळ टरफलं," गंगाराम कपाळाला हात लावून म्हणाला.

शेवटी पोरं तासभर शेजारणीवर सोपवून शेवंती स्वतः गेली, सही करून आली. साहेब म्हणाले, "गुरुवारी पाहणीला येतो. मग ठरवू." सगळं त्या पाहणीवर येऊन ठेपलं.

गुरुवारी शेवंती दूध आणायला निघाली. जाताना बजावलं, "साहेब येतील. पोरांचा गोंगाट नको, शांत राहू देत."

गंगारामने विचार केला. पोर सगळ्यांत शांत कुठे असतं? आईपाशी! त्याने अकराच्या अकरा पोरं कारखान्यात नेऊन ज्याच्या त्याच्या आईच्या मांडीत टाकली. घर कसं चिडीचूप झालं.

साहेब आले. "स्वच्छता छान आहे. पण मुलं कुठायत? रिकाम्या पाळणाघराला कर्ज देऊ का मी?"

गंगारामला दरदरून घाम फुटला. शेवंतीची खोली हातची चालली. फोटो दाखवावा? छे, फोटो चालत नाही, जिवंत माणूस लागतं! त्याने चपला काढल्या आणि पाळण्यात चढून बसला. कडी करकरली. त्याचे दोन्ही पाय बाहेर लोंबत होते.

तेवढ्यात शेवंती दूध घेऊन आली. तिने एकदा पाळण्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. नवऱ्याला हाताला धरून खाली उतरवलं, पदराने त्याचा घाम पुसला, कोपऱ्यात बसवलं आणि हातात बिस्कीट दिलं. तो गुपचूप खाऊ लागला.

साहेबांनी तिथेच अहवाल लिहिला: "पाहणीच्या वेळी पाळणाघरात मूल एक. वय बेचाळीस. बाईंचा मुलं सांभाळण्याचा अनुभव, लग्न झाल्यापासून. कर्ज ताबडतोब मंजूर करावे."