इंदूअक्काच्या गालातले राखणदार

“सांगा की डाक्टर, दुभती म्हैस घेऊ का पारडी? दोन्ही बघून आलीया.”

इंदूअक्का तपासणी खोलीबाहेरच्या बाकावर बसून विचारत होती. गालाचा कॅन्सर कापून काढल्याला पंधरवडा झालेला. टाक्यांमुळे शब्द तोंडाच्या एकाच कडेनं यायचे, पण यायचे ठणठणीत.

“दुभती आजपासनं दूध देती. पारडी तीन-चार वर्सं सांभाळाय लागती. मला तेवढी हाईत का, एवढं तुमच्या काचंत बघून सांगा.”

डॉक्टर शार्दूल बेडेकर आमच्या गाठी तपासायच्या खोलीत नवा. हुशार, फारच हुशार. मागे मी गमतीनं कांद्याचा पापुद्रा काचेवर लावून मायक्रोस्कोपखाली दिला, तर पाच मिनिटं आठ्या घालून बघत बसला. शेवटी वासावरनं ओळखला.

“पारडी घ्या, अक्का,” तो छाती काढून म्हणाला. “तुमच्या गाठीत अंगातल्या राखणदार पेशींची जत्रा भरलीय. अशी माणसं जगतात.”

अक्का हसली. अर्ध्याच तोंडानं, पण पुरती हसली.

आत आमच्या मोठ्या डॉक्टर, तेंडोलकरबाई, अक्काच्या गाठीची काच मायक्रोस्कोपखाली घेऊन बसल्या होत्या. तीस वर्षं त्यांना मेणाच्या ठोकळ्यातून गाठींचे पापुद्रे कापून देतोय मी. त्या ओरडल्या की बरं वाटतं. गप्प बसल्या की धडकी भरते.

शार्दूल आत आला तेव्हा गप्प होत्या.

“राखणदार किती मोजलेस, शार्दूल?”

“दोनशेच्या वर, मॅडम. नुसते निळे ठिपके.”

“कुठं मोजलेस?”

“गाठीत.”

“गाठीत कुठं?”

बाईंनी त्याचा हात ओढून घेतला. काल काच लागून त्याचं बोट कापलं होतं. त्या सुजल्या बोटावर त्यांनी अंगठा दाबला.

“आई गं!”

“इथंही राखणदार धावलेत बघ. कॅन्सर झालाय का तुझ्या बोटाला?”

“नाही... जखम आहे.”

“तू मोजलेस तिथंही जखमच आहे. गाठीचा वरचा भाग, चिघळलेला. ते जखमेसाठी आलेत. आता काच खाली सरकव. गाठ मांसात शिरतेय, त्या कडेला.”

त्यानं मायक्रोस्कोपला डोळे लावून काच सरकवली.

“दोन,” तो म्हणाला. “इथं तीन... सगळे कडेलाच उभे आहेत. आत एकही शिरला नाही.”

छाती आत गेली बिचाऱ्याची. मला एक झकास टोमणा सुचला होता. गिळला.

“मी तिला पारडी घ्यायला सांगितलं, मॅडम.”

“ऐकलं मी.”

“आता जाऊन दुभती सांगू?”

“ही काच शंभर जणींचं सांगते. राखणदार असे बाहेर उभे असले, तर त्या शंभरातल्या कमी वाचतात. बाहेर बाकावर एकच बसलीय.”

“मग त्या एकीला काय सांगू?”

“दिसलं ते. आणि चुकलास ते.”

तो उठला. दारापाशी दोनदा घुटमळला. मग जाऊन अक्कासमोर चक्क फरशीवर उकिडवा बसला, इस्त्रीच्या पँटसकट.

“अक्का, मघाशी मी चुकीच्या जागी मोजलं. राखणदार थोडे आहेत. किरणांचा शेक घ्यावा लागेल, सहा आठवडे. नंतरही तपासायला यावं लागेल. वर्षं किती... ते मला सांगता येत नाही.”

“म्हंजी पारडी नको?” अक्कानं विचारलं.

“मला नाही कळत, अक्का.” त्यानं बाहीनं डोळे पुसले.

तिनंच त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “रडू नगंस लेकरा. खरं सांगाय परत आलास की.”

मी चहा आणायच्या निमित्तानं तिथंच घोटाळत होतो. चहा काही आणला नाही.

बाई बाहेर आल्या. अक्काला खेटून बाकावर बसल्या.

मग बाईंनी विचारलं, “कुणाच्या गोठ्यात बघून आलात ती पारडी?”