चुकलेलं नाव

“मग ते खोडायचं तरी कसं, अब्बा?”

वर्कनेहनं तिसऱ्यांदा विचारलं. गुडघ्यावर चामड्याचं पान ठेवून अब्बा झेना बोरूनं पोथीची नक्कल करत होते.

इथिओपियातल्या ताना सरोवरात एका बेटावर हा मठ. साधूंना तिकडे अब्बा म्हणतात. याच अब्बांसमोर मांडी घालून वर्कनेह अम्हारिक अक्षरं गिरवायला शिकला होता. पुढे तो अदिस अबाबाला जाऊन इंजिनियर झाला आणि ती अक्षरं कॉम्प्युटरवर आणण्याच्या कामात नावाजला.

कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आणि एक नाव द्यावं लागतं. जुन्या पोथ्यांत क्वचितच येणारं एक अक्षर राहून गेलं होतं. ते वर्कनेहनं सुचवलं. नाव एकदा मठात विचारून घे, असं सोबतच्यांनी सांगून पाहिलं. पाचव्या वर्षापासून ही अक्षरं जाणणाऱ्यानं आणखी कुणाला काय विचारायचं? त्यानं आठवेल ते नाव लिहून टाकलं. यादी छापली, जगभर गेली. मग कुणीतरी दाखवून दिलं, की या अक्षराचं हे नाव नव्हेच; खरं कोणतं, ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं.

आणि नियम असा, की एकदा दिलेलं नाव कधीच बदलायचं नाही.

ही नावं ठरवणाऱ्या समितीनं एक वाट काढून दिली होती. चुकीचं नाव तसंच राहील, शेजारी खरं नाव नोंदवू. पण ज्याची चूक, त्यानं खाली सही करावी. त्या कागदावर वर्कनेहनं तीन आठवडे सही केली नव्हती. घास गोड लागत नव्हता. सही केली की चूक आपलीच, हे जन्मभरासाठी छापलं जाणार.

त्यानं हे सगळं एका दमात सांगितलं.

“कळ दाबली की अक्षर बरोबर उमटतं?” अब्बांनी विचारलं.

“उमटतं.”

“वाचणारा अडतो?”

“नाही. पण नाव चुकलंय, अब्बा. माझ्या हातून.”

अब्बांनी बोरू खाली ठेवला. कोनाड्यातून स्तोत्रांची जुनी पोथी काढली आणि एक पान त्याच्यापुढे धरलं. पानाच्या मधोमध भोक होतं, अंगठा जाईल एवढं.

“तरुणपणी इथं माझं एक अक्षर चुकलं. कुणाला दिसू नये म्हणून खरवडत बसलो.”

“काय लिहिलं होतं?”

“आता कुणालाच सांगता येणार नाही.”

मग त्यांनी पुढची काही पानं उलटली. एका ओळीत चुकलेलं अक्षर जसंच्या तसं होतं. त्याच्या डोक्यावर, तांबड्या शाईत, बरोबर अक्षर बारीक लिहिलेलं.

“हे कुणी लिहिलं?”

“माझ्या गुरूंनी.”

“वरचं?”

“दोन्ही.”

वर्कनेहनं ती ओळ हळू आवाजात वाचली. तो कुठं अडला नाही. लहानपणी याच पोथीतून त्यानं कितीदा तरी स्तोत्रं म्हटली होती. हे अक्षर त्याला कधी टोचलं नव्हतं…

त्यानं पिशवीतून कागद काढला आणि खाली सही केली.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याचा श्वास पोटापर्यंत गेला. खांदे सैल पडले. एवढ्याशा सहीला आपण इतके घाबरलो, याचं त्याला हसूच आलं. अब्बांनी आपल्या वाट्याची भाकर त्याच्याकडे सरकवली आणि त्यानं ती सगळी खाल्ली.

हात पुसून त्यानं पुन्हा पेन उचललं. चुकलेल्या नावाशेजारची जागा अजून कोरी होती.

“या अक्षराचं खरं नाव काय, अब्बा?”

अब्बांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला.

“मलाही नक्की ठाऊक नाही,” ते म्हणाले. “होडी काढ. पलीकडच्या बेटावरच्या मठात विचारून येऊ.”