फुलबाजीचं विसर्जन

फार पूर्वी, घाटाखालच्या एका गावात एक नेमाची बाई राहायची. नवसानं झालेली एकुलती एक लेक होती तिला. त्या लेकीसाठीच बाईनं नेम धरला होता : घरातली ज्योत फुंकायची नाही, पाण्यानं विझवायची नाही.

लक्ष्मीपूजनाला घरात फुलबाज्या आल्या. त्या करणाऱ्या म्हाताऱ्यानं बजावलं, "वहिनी, पोरीला सुती परकर नेसवा. हात लांब धरायला सांगा, एका वेळी एकच. आणि जळली की तार पाण्याच्या घंगाळात."

"अगं बाई! सणासुदीला लक्ष्मीचा उजेड पाण्यात बुडवू?" बाईनं कानाला हात लावले. "भलतंच काय सांगता!"

बाकी सगळं तिनं ऐकलं. घंगाळ तेवढं भरलं नाही.

दिवेलागणीला अंगणात फुलबाज्या फुलल्या. लेक खिदळत होती. तार काळी पडली की बाई ती मुठीकडून धरून तुळशीपाशी जपून ठेवी.

शेवटची विझली आणि डोळ्यांपुढे अंधार दाटला. वारा पडला. उंबऱ्यावरच्या पणत्यांच्या ज्योती हलेनाशा झाल्या. फाटकाशी एक म्हातारी उभी होती, पदर नाकापर्यंत ओढलेला. तिची चाहूल कुणालाच लागली नव्हती.

"लेकी, पायांवर पाणी घाल," ती बाईला म्हणाली. "फार पोळतात गं."

"आई, मी तुळशीला प्रदक्षिणा घालून येते, मग पूजा!" लेक वहाणा काढू लागली.

मुहूर्त टळत होता. 'पूजा होऊ दे आजी,' असं बाईच्या अगदी ओठांवर आलं. पण दारात कुणाचे पाय पोळत असताना देवीपुढे बसायचं कसं? ती तशीच वळली आणि कळशी घेऊन आली.

म्हातारी तुळशीपाशीच जाऊन उभी राहिली होती. बाईनं धार धरली. पाणी पावलांवरून जमिनीवर ओघळलं, आणि अंधारातून फिस्स आवाज आला. एक. मग दुसरा. मग कितीतरी. जणू तिथं कुणी वेटोळी घालून बसलं होतं. लेकीचं उचललेलं पाऊल वरच राहिलं.

"तारा मेल्या वाटल्या ना?" म्हातारी हळूच म्हणाली. "लोखंडाचा कीस नि धातूची पूड खळीत कालवून तारेला लिंपतात. कीस जळत उडतो, तीच ही फुलं. फुलं गळली तरी तारेतली आग जागीच असते. नुसती दिसत नाही."

तिनं पाऊल वळवून दाखवलं. तळव्यावर काळा वळ होता. आणि ते पाऊल म्हातारीचं नव्हतं, लेकीएवढ्या पोरीचं होतं.

बाईनं दचकून वर पाहिलं. कुणीच नव्हतं. सारवलेल्या अंगणात इवली ओली पावलं फाटकाकडे गेली होती.

बाईनं लेकीला पोटाशी धरलं.

"आई, तुझा नेम मोडला का गं?"

"नाही बाळा. गणपतीला आपण बुडवतो का? त्याचं विसर्जन करतो. तसंच उजेडाचंही करू."

पुढच्या दिवाळीपासून त्या अंगणात आधी घंगाळ भरलं जाई, त्याला हळदकुंकू लागे, मगच पहिली फुलबाजी पेटे. फाटकाशी पाण्याचा एक तांब्याही असे. सकाळी तो रिकामा दिसे, शेजारी एक ओलं पाऊल. त्यावरचा वळ दरवर्षी जरा फिका होतोय, असं बाई म्हणे आणि हात जोडे.

तात्पर्य : दिसेनाशी झालेली आग विझलेली नसते, ती आधी पाण्यात शांत करावी. लेकराला जपण्यानं कुठलाच देव कोपत नाही.