केरसुणीला बांधलेला बो

"मग ती काढून का टाकते?"

राजोपाध्येबाईंनी पुन्हा विचारलं. आवाज शाळेतलाच. उत्तर समोरच्याला येतंय आणि तो मुद्दाम सांगत नाहीये, असा.

आक्का मेणबत्तीवर रिबिनीची कड धरत होती. सॅटिनची कापलेली कड ज्योतीजवळ नेली की दोरे वितळून बसतात, मग सुटत नाहीत. जरा जास्त जवळ गेली की काळी पडते.

आक्काची काळी पडली.

"गेली," ती म्हणाली, आणि दुसरी घेतली.

"मी तुम्हाला काही विचारतेय, आक्का."

"ऐकलं."

…

सांगलीच्या अलीकडे नदीकाठी एक लहानसा मठ आहे. मठाच्या मागे दोन खोल्या. तिथे आक्का राहते. तिच्या डोक्यावर एक केस नाही. स्वतःच भादरून घेतले. का, ते कुणाला सांगितलं नाही. मग लोकांनी कारणं तयार केली. मोठ्या माणसांना रिकामा वेळ फार.

ही बिनकेसांची बाई सकाळी गल्लीतल्या मुलींच्या वेण्या घालते. ज्यांच्या आया उजाडायच्या आत हळदीच्या कारखान्यात कामाला जातात, त्या मुलींच्या. दुपारी रिबिनीची फुलं करत बसते. कुणी तिला गुरू म्हणतं. ती हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. संत वगैरे मुळीच नाही. चहात साखर कमी पडली तर दिवसभर धुसफुसते.

राजोपाध्येबाई मुलींच्या शाळेत पर्यवेक्षिका होत्या. रोज सकाळी फाटकात उभ्या. दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल रिबीन. वेणी एकच असली तर बाहेर. रिबीन गुलाबी असली तर बाहेर. प्रार्थना संपेपर्यंत चिंचेखालच्या दगडाजवळ उभं राहायचं. या गावात अशा कितीतरी बायका आहेत ज्यांना शाळेतलं बाकी काही आठवत नाही, तो दगड आठवतो.

बाईंना आठवत नाही. "दगड? कुठला दगड?" असं म्हणतात, आणि खरंच म्हणतात.

निवृत्त झाल्यावर बाईंनी बो करायला घेतले. आक्का त्याला फूल म्हणते, बाई बो म्हणतात. घरातली एक अख्खी खोली त्याला दिली. पारदर्शक डबे, डब्यांवर चिठ्ठ्या, चिठ्ठ्यांवर फळ्यावरचं अक्षर. लाल अर्धा इंच. लाल एक इंच. जरीकाठी. क्लिपा लहान. क्लिपा मोठ्या. त्या खोलीत पाहुण्याला नेऊन दाखवायच्या, चपला बाहेर काढायला लावून.

आक्काकडे त्या शिकायला येतो म्हणायच्या. शिकायला नव्हत्या येत. शाबासकीला येत होत्या.

…

बाईंनी पिशवीतून एक बो काढून आक्काच्या पुढ्यात ठेवला. लाल, मध्ये मोत्याची ओळ, दोन्ही कान सारखे, मागे क्लिप.

आक्कानं तो हातात घेतला. उलटा केला. सुलटा केला.

"माझ्यापेक्षा चांगला आहे," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे."

"हं."

"तसं नाही म्हणायचं मला…" बाई जरा ओशाळल्या. "म्हणजे, चूक कुठे आहे ते सांगा ना. टोचतो का? जड आहे का? उद्या अन्वी येतेय. परवा दुपारी परत. सुहासची बदली शिलाँगला झालीय. केतकी म्हणाली, आता बरेच दिवस जमणार नाही."

अन्वी बाईंची नात. सुहास मुलगा, केतकी सून. केतकीनं ते वाईट वाटून सांगितलं, असं बाईंनाही वाटलं नव्हतं.

"एक दिवस आहे माझ्या हातात, आक्का. एक दिवस तरी तिनं तो डोक्यात ठेवावा. एवढंच."

"आणि ती ठेवत नाही."

"मी लावते. गप्प उभी राहते. काही बोलत नाही. मी स्वयंपाकघरात वळले की गेला!"

"टाकते कुठे?"

बाईंनी ओठ आवळले. सांगावं की नाही, असं झालं त्यांना.

"दिवाळीला केरसुणीला सापडला."

"केरसुणीला?"

"केरसुणीला! हसू नका. गणपतीत आली होती तेव्हा तर साधी रिबीन बांधली होती मी तिला. ती गॅसच्या सिलिंडरला. आणि एक यांच्या आरामखुर्चीच्या पायाला. सिलिंडरचं तर गॅसवाल्यानं मला सांगितलं. म्हणाला, आजी, टाकी नटलीय आज."

आक्का हसलीच. दात कमी आहेत तिचे. हसली की सगळं दिसतं.

"बांधलेला होता, की नुसता अडकवलेला?"

"काय फरक पडतो?"

"विचारतेय."

"…बांधलेला. क्लिपचा बो, तरी त्यातून रिबीन ओवून बांधला होता. गाठीवर गाठ. वेड्यावाकड्या. एक कान एवढा, एक कान तेवढा. मला सोडवायला कात्री लागली."

आक्का हसायची थांबली.

"हं," ती म्हणाली.

…

बाईंनी वाट पाहिली. आक्कानं मेणबत्ती विझवली, हात टेकून उठली, भिंतीतल्या फळीपाशी गेली.

फळीवर डबे होते. पूर्वी ते श्रीखंडाचे, पेढ्यांचे, बामाचे, कसलेही होते आणि कसेही होते. गेल्या आठवड्यात आक्का डोळे दाखवायला मिरजेला गेली, किल्ली बाईंकडे दिली. संध्याकाळी परत आली तर फळी शाळेच्या कपाटासारखी. एकसारखे डबे. चिठ्ठ्या. सुरेख अक्षर.

आक्का तेव्हा काही बोलली नव्हती. बाईंनी ते कौतुक समजलं होतं.

तिनं एक डबा खाली घेतला.

"हा कोणाचा?"

"लाल, एक इंच," बाई म्हणाल्या. चिठ्ठी होतीच.

"कोणाचा?"

"म्हणजे काय, कोणाचा? लाल रिबिनींचा. आधी एकेका डब्यात लाल, पांढरी, क्लिपा, बटणं, सगळा काला होता. एका डब्यात तर चिंचोके होते!"

"चिंचोके शुभ्राचे. वेणी घालताना तिला हातात काहीतरी लागतं, नाहीतर मान हलवते."

बाईंनी फळीकडे पाहिलं.

"प्रत्येकीचा एकेक डबा होता, बाई. डबा घेऊन माझ्यापुढे बसायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आणि सगळ्या या फळीपुढे उभ्या. स्टँडावर चुकीच्या गाडीला आल्यासारख्या."

"पण रिबिनी होत्या ना! लाल तर सगळ्यांना पुरतील एवढ्या. लाल ती लाल."

"सानिकाची नव्हती."

"होती. मी स्वतः…"

"तिची आई पुण्याला कामाला आहे. जाताना साडीची लाल किनार फाडून दिली होती. ती."

बाईंना आठवलं. एक विरलेली पट्टी, कडेनं दोरे सुटलेली.

"ती चिंधी…"

"चिंध्यांच्या डब्यात मिळाली. दुपारी."

"मग ती दुसरी बांधून गेली असेल."

"नाही बांधली. मोकळ्या वेण्यांनी गेली. फाटकावर अडवली, घरी पाठवली." आक्कानं डबा फळीवर परत ठेवला. चिठ्ठी पुढे येईल असा, नीट. "नियम आहे म्हणाले."

नियम कोणी केला होता ते दोघींनाही माहीत होतं. बाई भिंतीकडे बघत राहिल्या.

…

"मी चांगल्यासाठी केलं," शेवटी बाई म्हणाल्या.

हे वाक्य मोठी माणसं फार वापरतात. त्यावर लहानांनी काय म्हणायचं ते कुणी शिकवत नाही.

आक्का बाईंच्या मागे येऊन उभी राहिली. बाईंचा अंबाडा घट्ट, आकड्यांनी चारी बाजूंनी बसवलेला. आक्कानं समोरचा लाल बो उचलला आणि त्या अंबाड्यावर खटकन बसवला.

"अहो! काय करताय?"

"हलू नका."

बाई हलल्या नाहीत. सवय नव्हती त्यांना हे ऐकायची, म्हणूनच कदाचित.

"छान दिसतोय," आक्का म्हणाली. "आता जा, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध घेऊन या. चहा टाकते."

"असं? हे डोक्यात घेऊन?"

"तुम्हीच केलाय ना? चांगला झालाय."

"आक्का, मला या गावात लोक ओळखतात."

"म्हणून तर."

बाई उठल्या. मग किटली घेतली आणि ताठ मानेनं बाहेर पडल्या. गुरूनं सांगितलंय, मी करून दाखवते, अशा थाटात. चांगला विद्यार्थी कसा असतो ते त्यांना माहीत होतं.

…

डेअरीवर छाया खोत होती. बाईंच्याच शाळेत शिकलेली, आता दोन मुलींची आई.

किटली भरता भरता तिनं मान वर केली. बाईंकडे बघितलं. मग बाजूला वाकून बाईंच्या अंबाड्याकडे बघितलं.

बाई म्हणाल्या, "काय गं छाया, बरी आहेस ना?"

"बरी आहे बाई." तिनं किटलीचं झाकण लावलं. चेहरा सरळ ठेवला. "पण बाई, अंबाडा चालत नाही. दोन वेण्या लागतात, वर दुमडलेल्या."

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"उद्या पालकांना घेऊन या," छाया म्हणाली.

सगळी रांग हसली. बाईसुद्धा हसल्या, हसावं लागतं तशा. किटली घेतली आणि निघाल्या. पाठीला डोळे लागल्यासारखं वाटत राहिलं. बो कसा बसलाय, वाकडा आहे की सरळ, हे त्यांना सोडून सगळ्यांना दिसत होतं.

मठाच्या वळणावर त्यांनी किटली जमिनीवर ठेवली.

…

आत आल्या तेव्हा चहाचं पाणी उकळत होतं. अंबाडा सुटून केस मोकळे झाले होते. उजवी मूठ मिटलेली.

आक्कानं किटली घेतली. मुठीकडे पाहिलं.

"काढलात?"

"हो."

"टोचत होता?"

"नाही."

"जड झाला?"

"नाही हो."

"वाईट होता का?"

"नाही. चांगला होता." बाईंचा आवाज जरा चिरकला. "मीच केलाय, चांगला असणारच."

"मग काढून का टाकलात?"

…

चहा उतू गेला. आक्कानं शांतपणे गॅस बारीक केला. कपात गाळला. बाईंच्या पुढे ठेवला.

बाईंनी मूठ उघडली. बो चुरगळला होता, एक कान मुडपलेला. त्यांनी तो सरळ करायला बोट नेलं आणि तसंच परत घेतलं.

"मला विचारलं नव्हतंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "लावू का म्हणून."

आक्का चहा पीत होती. हो नाही, नाही नाही.

"तिलाही मी कधी…"

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. फळीवरच्या डब्यांकडे बघत बसल्या. लाल अर्धा इंच. लाल एक इंच. अक्षर खरोखरच सुरेख होतं.

मग बाई उठल्या. फळीपाशी गेल्या. चिठ्ठ्या काढू लागल्या. गोंद चांगला होता, निघेनात. नखांनी खरवडत राहिल्या.

"सानिकाचा कुठला होता?" त्यांनी विचारलं.

"बामाचा. पिवळा. मोरीपाशी टाकलात तुम्ही."

बाई मोरीपाशी गेल्या. डबा घेऊन आल्या, पदरानं पुसला. किनारीची ती पट्टी शोधून त्यात ठेवली. घडी करून नाही, होती तशी.

"आणि उद्या?" डब्याला झाकण लावत, पाठमोऱ्याच त्या म्हणाल्या. "उद्या अन्वी येईल. काय करू मी? बो नाही, तर मग करू काय दिवसभर?"

आक्कानं कप खाली ठेवला. खुंटीवरची रिबिनीची गुंडाळी काढली. लाल नव्हती, पोपटी होती. उलगडत गेली. हातभर. आणखी हातभर. बाईंच्या मोकळ्या केसांना लावून बघितली, आणखी वीतभर सोडली, आणि कात्री लावली.

मेणबत्ती पुन्हा पेटवून कड जाळली. या वेळी काळी पडली नाही.

"धरा. उद्या ही तिच्या हातात द्या."

बाईंनी ती हातात घेतली. साधी, न शिवलेली, बोटांतून ओघळत खाली जमिनीपर्यंत गेलेली.

"एवढी?" त्या म्हणाल्या. "अहो आक्का, केतकीनं तिचे केस कापलेत. मानेपर्यंतसुद्धा नाहीत. तिला एवढी कुठे लागतेय?"

आक्का मेणबत्ती विझवत होती.

"तिच्या केसांचं कोण बोलतंय, बाई?"