वाढत्या अंगाची गाडी

१० नोव्हेंबर, रविवार. पहाटे गारठा, नऊनंतर लख्ख ऊन, वारा नाही.

डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या एका गावात अरविंद पिसे नावाचा दुकानदार राहत होता. शाळेचे गणवेश विकणे हा त्याचा धंदा. जून उजाडला की गावातली निम्मी पोरे त्याच्या दुकानात हात पसरून उभी राहत. अरविंद टेप लावी आणि प्रत्येकाच्या आईला एकच सांगे, "वाढत्या अंगाचा घ्या, वहिनी. पोर काय, बघता बघता वाढतं." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. शर्ट सैल असला तर कोणाचे काही बिघडत नाही.

त्याला यशोधन नावाचा नऊ वर्षांचा मुलगा होता. यशो शाळेतली प्रत्येक गोष्ट आईला सांगे आणि बाप घरात आला की गप्प होई. हे अरविंदच्या मनाला लागले होते. मुलाला डर्ट बाइकचे, म्हणजे माळरानावर पळवायच्या मोटारसायकलींचे, वेड. वह्यांच्या पुठ्ठ्यांवर त्याच गाड्यांची चित्रे. शेवटी अरविंदने ठरवले, दोन गाड्या घ्यायच्या, एक मोठी, एक लहान, आणि दर रविवारी बापलेकांनी गावामागच्या माळावर जायचे. मुलगा मोठा होऊन दूर जाण्याआधी त्याला एवढेच हवे होते.

त्या रविवारी दोघे शहरातल्या दुकानात गेले. स्वतःसाठी निवडताना अरविंद चार गाड्यांवर बसला, टाच टेकते का ते पाहिले आणि पाचवी पसंत केली. मग मुलाची पाळी आली. मेकॅनिकने एक बुटकी गाडी पुढे आणली.

"ही याच्या मापाची. दोन्ही पाय जमिनीला लागतात."

"वर्षात लहान पडेल. हिच्या वरची दाखवा."

"साहेब, ही काय चड्डी आहे का? मोठी झाली म्हणून नाडी आवळता येत नाही."

अरविंद खळखळून हसला आणि वरचीच घेतली. यशोला तिच्यावर बसवले. त्याचे बूट हवेत लोंबत राहिले.

"पप्पा, पाय टेकत नाहीत."

"टेकतील रे. वर्षभरात टेकतील."

बापाचा चेहरा इतका आनंदी त्याने कधी पाहिला नव्हता. त्याने दोन्ही हातांनी हँडल धरले.

घरी यशोच्या आईने, शुभदाने, दोन्ही गाड्यांना हळदकुंकू वाहिले. मुलाला सीटवर बसलेले पाहून ती म्हणाली, "अहो, याला खाली तरी उतरता येतं का?"

"मी आहे ना," अरविंद म्हणाला.

माळावर त्याने एक युक्ती काढली. एका उंचवट दगडाशी गाडी उभी करायची, यशोने दगडावरून चढायचे, आणि थांबायचे झाले की तिथेच परत यायचे. अरविंद तिथे गाडी धरायला उभा. दोन रविवार असे नीट गेले. पण बापाची गाडी मात्र नुसती उभी होती.

तिसऱ्या रविवारी अरविंदला राहवले नाही. मुलाला चढवून दिले आणि तोही आपल्या गाडीवर बसला. दोघे शेजारी शेजारी निघाले. यशोने मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि हसला. ज्यासाठी सगळे केले ते अरविंदला मिळाले.

चौथ्या फेरीला यशो दगडापाशी आला. धरायला कोणी नव्हते. तो तसाच पुढे गेला. पाचव्या फेरीला त्याने हाक मारली. इंजिनाच्या आवाजात अरविंदला वाटले, पोर ओरडून मजा करते आहे. त्याने हात हलवला. सहाव्या फेरीनंतर अरविंद पाणी प्यायला बाजूला थांबला. तिथे एक म्हातारा शेळ्या राखत होता.

"पोरगं थांबत का नाय वो?"

"दमतंय कुठं ते! थांबायचं नावच घेत नाही," अरविंद अभिमानाने म्हणाला.

"त्वांड बघितलं का त्याचं?"

अरविंदने तेव्हा पाहिले. बाटली टाकून तो धावला.

यशोचे हात भरून आले होते. त्याने कसाबसा दगड गाठला आणि ब्रेक दाबला. पण गाडी दगडापासून हातभर लांब थांबली. त्याने पाय खाली सोडला. जमीन लागली नाही. गाडी कलली आणि त्याचा डावा गुडघा गाडी आणि कातळ यांच्यामध्ये सापडला. वेग अजिबात नव्हता. गाडी पूर्ण थांबलेली होती. अरविंद दहा पावलांवर होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रेची फिल्म उजेडाला धरली. "हाड जुळेल. पण गुडघ्याजवळ हाड जिथून वाढतं, नेमकी तीच जागा चिरडली आहे."

"वाढेल ना हो पाय?"

"उजवा वाढेल," डॉक्टर म्हणाले.

अरविंद खाटेच्या एका बाजूला बसला, शुभदा दुसऱ्या. त्याने विचारले, "पाय पुरत नाहीत, भीती वाटते, असं सांगायचं नाही का रे मला?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"दुकानात," यशो म्हणाला आणि त्याने तोंड आईकडे वळवले.

दोन वर्षांनी, ४ डिसेंबरला, डॉक्टरांनी यशोला मोजले. उंची अकरा सेंटीमीटरने वाढली होती. डावा पाय उजव्यापेक्षा एक सेंटीमीटर नऊ मिलिमीटर आखूड भरला.

तात्पर्य: मूल आज जेवढे आहे तेवढ्याच मापाचे त्याला द्यावे, उद्याच्या मुलासाठी आणलेली वस्तू आजच्या मुलाच्या अंगावर पडते.