कोठीची किल्ली

"ते सगळं असू दे, उस्ताद. पण मी वाजवलं कसं, ते तर सांगा!"

दाऊद उस्ताद अंगणात जमिनीवर बसले होते. पुढ्यात एक धुतलेली खाट आडवी टाकलेली. तिच्या ओल्या सुंभाची गाठ ते आवळत होते.

"पहिल्या रांगेतली खुर्ची तुमच्यासाठी ठेवली होती. रिकामीच राहिली."

"ऐकलं मी."

"कुठून?"

"बाहेरून."

नावेदला हसू आलं. याच माणसानं त्याला लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट धरायला शिकवलं होतं. पुढे तो अमेरिकेत जाऊन सॅक्सोफोन शिकून आला आणि आल्या आल्या मोहल्ल्याच्या सामाईक सभागृहात, जमातखान्यात, जॅझच्या मैफली सुरू केल्या. शहरातून गाड्या भरभरून लोक येऊ लागले. रविवारची मैफल संपली तसा तो वादकांना सोडायला मुंबईला गेला, आणि आज सकाळी एसटीतून उतरून थेट उस्तादांच्या अंगणात आला होता.

कारण शुक्रवारी जमातीची बैठक होती. मैफली चालू ठेवायच्या की बंद करायच्या, ते तिथं ठरणार होतं. उस्तादांनी शब्द टाकला की त्यापुढं कोणी बोलत नसे.

"लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, उस्ताद! ज्यांनी जन्मात आपल्या गल्लीत पाय ठेवला नव्हता, ते. एक बाई म्हणाल्या, इथं येऊन मनातली भीती गेली. हे काय थोडं झालं? आणि आपलेच लोक म्हणतात, बंद करा. यांचे डोळे उघडणार कधी?"

उस्तादांचा हात सुंभावर थांबला.

"त्या दिवशी तुझे मिटलेले होते."

"वाजवताना मिटतातच. सूर आत बघावा लागतो."

"हं…"

म्हाताऱ्याला पटलं, असं नावेदला वाटलं. तो मोकळा झाला.

"चाचींना म्हणावं, चहा टाका. आणि ही खाट का धुवायला काढलीत? ढेकूण झाले वाटतं!"

उस्तादांनी सुंभाचा पुढचा वेढा ओढला.

घरातून आवाज नाही. एरवी त्याची चाहूल लागली की जैनबचाची आतूनच ओरडायची, "आला का अमेरिकेचा पिपाणीवाला! एवढं पितळ गळ्यात घेऊन फिरतोस, मला खांदा द्यायला तेवढा जीव राहू दे हो!"

"कोठीची किल्ली कुठं आहे?" उस्तादांनी विचारलं.

नावेदनं खिसा चाचपला. जमातखान्याच्या एका कोपऱ्यात मोहल्ल्याचा जनाजा असायचा… मयत न्यायची लाकडी पालखी. पाहुण्यांच्या नजरेला नको, म्हणून रविवारी सकाळी त्यानं तो मंचामागच्या कोठीत ठेवून कुलूप घातलं होतं. कोठीच्या दारासमोर ड्रम मांडले होते. किल्ली त्याच्याबरोबर मुंबईला जाऊन आली होती.

"ही घ्या. कुणाला लागली का?"

"लागली होती."

"…कधी?"

"रविवारी. जैनब दुपारी गेली. दिवस मावळायच्या आत न्यायची होती."

नावेदनं खाटेकडं पाहिलं.

"हिच्यावरूनच नेली," उस्ताद म्हणाले.

"मला सांगायचं ना, उस्ताद! निदान फोन…"

तो मध्येच थांबला. फोन आले होते. मोहल्ल्यातले नंबर बघून त्याला वाटलं होतं, आवाजाची तक्रार असणार. त्यानं एकही घेतला नव्हता.

"पोरं आत घुसायला निघाली होती. मी म्हटलं, थांबा, मी सांगतो त्याला. मंचाच्या पायऱ्यांपर्यंत आलो." उस्तादांनी गाठ दातांत धरून ओढली. "तू सूर बघत होतास."

"हाक मारायची! हात धरायचा माझा!"

"त्याआधी माईकवर बोललास, ते खिडकीतून ऐकलं होतं. हे संगीत तिकडं अमेरिकेत मयतीच्या मागं चालत चालत मोठं झालं, म्हणालास. पाहुण्यांना फार आवडलं."

नावेद खाली बसला. खाटेच्या लाकडाला हात लावायचंही त्याला धाडस होईना.

"बंद करतो मी सगळं. सॅक्सोफोन खाडीत फेकून देतो."

"फेक. त्यालाही टाळ्या पडतील."

"…मग मी करू काय?"

उस्तादांनी किल्ली त्याच्याच तळहातावर परत ठेवली. एकेक बोट दुमडून मूठ मिटवली.

"जा. जनाजा जागेवर ठेवून ये. शुक्रवारी मी सांगेन, मैफली चालू राहू देत. पण तो त्याच कोपऱ्यात दिसला पाहिजे, पाहुणे येवोत न येवोत."

हेच ऐकायला तो आला होता. आता ऐकल्यावर मान वर करवेना.

तो उठला. फाटकाची कडी काढली… तिथंच उभा राहिला. पाठीमागं सुंभ ओढल्याचा करकर आवाज येत होता.

"नावेद."

"जी."

"वारा त्या दिवशी कब्रस्तानाकडं वाहत होता. तिला खाली ठेवेपर्यंत ऐकू येत होतं."

करकर थांबली.

"छान वाजवलंस, बेटा."