कावडीतला तांबडा दगड

फार फार वर्षांपूर्वी, डोंगर अजून कुणी नीट उकरून पाहिले नव्हते तेव्हा, एका गावात सखोबा नावाचा गृहस्थ राहत होता. लहानपणी त्याला नदीच्या वाळूत सोन्याचा एक कण सापडला होता. तेवढ्या कणावर तो म्हातारपणापर्यंत स्वतःला जाणकार म्हणवत असे.

गावाची विहीर खणताना कातळ लागला आणि एकुलती एक पहार झिजून मोडली. नवी घडवायला लोखंड नव्हतं.

सखोबा पारावर बोलून गेला, "डोंगरातून लोखंड मी आणतो. आणीन तोवर गावाचं पाणी नदीवरून माझ्या कावडीनं."

घरी त्याची बायको भिवरा म्हणाली, "जीभ तुमची, पण खांदा कुणाचा?"

सखोबा दिवसभर डोंगर उकरी, सकाळ-संध्याकाळ पाणी वाही. सोनं चकाकतं, म्हणजे लोखंडही चकाकणारच, असं त्याचं म्हणणं. तांबडे जड दगड पायात येत. ते तो वैतागून ढिगावर फेकी. एकदा त्याने चकाकत्या अभ्रकाचं गाठोडं लोहाराकडे नेलं. लोहाराने भाता दाबला मात्र, अभ्रक उडून शेजारणीच्या ताकात पडलं.

त्यातच कावडीची एक घागर फुटली. तोल राहीना, म्हणून सखोबाने त्या टोकाला ढिगातला एक तांबडा दगड बांधला.

अखेर खांदा सुजला. त्याने लोहाराच्या दारात कावड थांबवली. "दादा, हरलो. या डोंगरात लोखंड नाही. उद्या पारावर कबूल करतो."

लोहार कावडीकडेच बघत होता. "घागर भरलेली आहे ना?"

"काठोकाठ."

"आणि दगड एवढासा. मग कावड सरळ कशी?"

"जड आहे लेकाचा. नदीवर जाताना काखेत धरतो, येताना बांधतो."

लोहार हसत खालीच बसला. "अरे सखोबा, सोनं मातीत सोनं म्हणूनच निजतं. लोखंड दगडाच्या अंगात मुरलेलं असतं. कोळशात भाजून त्याला बाहेर काढावं लागतं. रोज काखेत घेऊन हिंडतोस, आणि शोधतोस डोंगरात?"

ढीग भट्टीत गेला. भाता सखोबालाच मारावा लागला. पहार झाली, कातळ फुटला, विहिरीला पाणी लागलं, आणि कावड आढ्याला टांगली गेली.

त्यानंतर सखोबा कुठलीही वस्तू आधी हातात तोलून बघे. भिवराची भाकरीसुद्धा. एकदाच. तिने नुसतं उलथनं वर केलं.

तात्पर्य, बाळांनो आणि बाळांच्या आजोबांनो: चकाकी डोळ्यांना लगेच दिसते, मोल मात्र तोलल्यावाचून कळत नाही.